मोऱ्याच्या धक्क्यावरची जाहिरात

मी कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा नाचले ती उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर, सकाळी आठ वाजता आणि उपाशीपोटी. पनवेल-उरणच्या पट्ट्यात तेव्हा कोळीगीतांच्या, आगरी गाण्यांच्या सीडी निघत होत्या. दर हळदीला नवी सीडी लागायची आणि दर महिन्याला कोणीतरी नवी काढायचं. आम्ही आठ मुली होतो. कपडे बदलायला जागा नव्हती, म्हणून बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत चौघींनी साड्या धरायच्या आणि चौघींनी बदलायचं असं ठरलं. बाहेर मुंबईच्या लाँचची वाट बघणारे लोक उभे होते. त्यातल्या दोघा-तिघांनी त्या दिवशी लाँच सोडून दिली आणि आमचं शूटिंग बघत बसले.

मी शेवटच्या ओळीत होते. माझ्या शेजारी मोऱ्याच्याच कोळीवाड्यातली एक मुलगी होती, माझ्याच वयाची, एकोणीस-वीसची. काळी, उंच, खांदे रुंद. मुंबईहून आलेल्या डान्स मास्तरांनी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन कंबर हलवायची एक स्टेप बसवली होती. तीन वेळा झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "मास्तर, कोली बाय अशी चालत नाय. अशी चालली तर मावरा पानीत परंल."

सगळे हसले. मास्तर चिडून म्हणाले, "मग तू दाखव."

तिने दाखवलं. पायाखाली शेवाळ आहे, डोक्यावर ओझं आहे, आणि तरी बाजारात पहिली पोचायचंय, अशी ती धक्क्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ठेक्यात चालत आली. टोपली हलली नाही. दुसऱ्या टेकला ती पहिल्या ओळीत मधोमध होती आणि आम्ही सातजणी तिच्यासारखं चालायला शिकत होतो. सीडी बाजारात आली तेव्हा मागच्या बाजूला 'नृत्य' या शब्दापुढे मास्तरांचं नाव होतं. मला राग आला. तिला आला नाही. तिच्या आईने, उरणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईने, ते कव्हर घरातल्या आरशाशेजारी चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवत राहिली, "ही माजी पोर."

माझ्या घरी वेगळं झालं. आमची मिठागरं आणि भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती आणि आम्ही गाव सोडून पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला आलो होतो. वडील स्वतः हळदीला बेफाम नाचायचे, नाचाचं त्यांना वावडं नव्हतं. पण चुलत भावाच्या हळदीत ती सीडी लागली, कोणीतरी रिमोट घेऊन मला नेमकं गिरकीत थांबवलं आणि पन्नास माणसांनी पडद्यावर थांबलेली मी निरखून बघितली. वडील ताटावरून उठले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "नाचलीस त्याचा राग नाय. तुला कोनी पन थांबवू शकतंय, त्याचा राग हाय."

त्यांचं म्हणणं पुढे अनेकदा खरं ठरलं, तेव्हा मात्र मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी ठरवलं की रिमोट आपल्या हातात घ्यायचा. पनवेलच्या बाजारात लग्नाचं शूटिंग-मिक्सिंग करणारा एक स्टुडिओ होता. मी तिथे बसून एडिटिंग शिकले. मिक्सिंगच्या टेबलावर बाई बसलेली बघून गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "दादा नाहीत का?" वर्षभरात स्टुडिओवाल्यांची अर्धी कामं माझ्या हातून व्हायला लागली. मग एकदा मी आणि मोऱ्याच्या त्या मैत्रिणीने मिळून एक अख्खं गाणं केलं. नाच तिने बसवला. शॉट मी ठरवले, कापले मी, जोडलेही मीच. ते गाणं त्या मोसमात पनवेल ते पेणपर्यंत प्रत्येक मांडवात वाजलं. कव्हरवर दिग्दर्शक म्हणून स्टुडिओवाल्यांचं नाव होतं, आणि नृत्यापुढेही त्यांचंच.

या वेळी तिलाही लागलं. आम्ही मोऱ्याला तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "तू मुंबैला जा गो. तुना इंग्लिश येतंय. तू मोठी झालीस की मना बोलव."

"बोलवीन," मी म्हणाले.

मुंबईचा रस्ता मात्र पनवेललाच माझ्यापर्यंत आला. आमच्या बाजूला फार्महाऊस खूप. तिथे सीरियलची, जाहिरातींची शूटिंगं चालायची. एका जाहिरातीत लग्नाची वरात हवी होती आणि गर्दीसाठी गावातल्या बायका जमवायचं काम मला मिळालं. तिथे मी मॅडमना पाहिलं. दिग्दर्शन त्या करत होत्या. पार्ल्यात वाढलेल्या, चाळिशीच्या, आखूड केसांच्या. दीडशे माणसांच्या सेटवर एक बाई खुर्चीवर उभी राहून ओरडतेय आणि सगळे पुरुष पळतायत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. वरातीतल्या बायकांचा ठेका चुकत होता म्हणून मी त्यांच्यात घुसून मोजून दाखवायला लागले. मॅडमनी मॉनिटरमध्ये ते पाहिलं. पॅकअपनंतर मला बोलावून म्हणाल्या, "एडिटिंग येतं म्हणे तुला. सोमवारपासून अंधेरीला ये. एडी म्हणून."

एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर. कागदावर भारी वाटतं. खरं काम म्हणजे कोण आलं, कोण नाही, कोणाचा ब्लाऊज उसवला, कोणाला कधी बोलवायचं, मागच्या शॉटला टेबलावर कप डावीकडे होता की उजवीकडे. मी ते जीव तोडून केलं. मॅडमच्या हाताखाली आम्ही तीन मुली होतो आणि त्या आम्हाला सारखं सांगायच्या, "या धंद्यात बायकांनी बायकांना धरून राहायचं. पुरुष एकमेकांना धरून असतातच." मी ते वाक्य मनात कोरून ठेवलं होतं. त्यांनी मला कॅमेऱ्याच्या लेन्स शिकवल्या, क्लायंटसमोर कसं बसायचं ते शिकवलं, 'सॉरी' कमी वेळा म्हणायला शिकवलं. त्यांच्याबरोबर चार वर्षांत मी 'नाही'ला 'नाय' म्हणायचं विसरले. घरी फोनवर 'आम्ही येतोय' म्हणाले तर आई हसायची, "आमी म्हन ना गो, लाजतंस कोनाला?" मला तिच्या हसण्याचाही राग यायचा.

मग ती मसाल्याची जाहिरात आली.

समुद्राकाठचं घर, कोळीण पापलेट कापतेय, मसाला लावतेय, तव्यावर टाकतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. तीस सेकंदं. मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, "मला नटी नको. मला खरी कोळीण हवी. तिचे हात तसे चालले पाहिजेत." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण त्या खोलीत पनवेलची मी एकटीच होते.

मी म्हणाले, "माझ्या ओळखीची आहे."

तोपर्यंत तिचं लग्न झालं होतं. नवरा बंदरात कामाला होता, मुलगी तीन वर्षांची होती आणि नाच थांबला होता. कोणी बंद करायला लावला नव्हता, पण लग्नानंतर कोणी बोलावलंही नव्हतं. मी तिच्या घरी गेले तेव्हा नवरा दारात उभा राहूनच बोलला. जाहिरातीचं काय, तिथे कोण कोण असतं, कपडे कुठले, सगळं विचारलं. मी म्हणाले, "भावोजी, मी आहे ना तिथे. माझ्या जबाबदारीवर पाठवा." तो म्हणाला, "तुमच्यावर पाठवतंय."

ऑडिशन तिच्या आईच्या ओट्यावरच घेतली. मॅडम स्वतः आल्या होत्या. तिने विळीवर पापलेट धरलं आणि कॅमेऱ्यात बघत, हातांकडे एकदाही न बघता साफ केलं, कापलं, चिरा दिल्या. मध्येच मुलगी रडली तशी मान वळवून तिला दटावलं, पण हात थांबला नाही. शेवटी जरा लाजून हसली. मॅडमनी माझा दंड पकडला. "हीच. बघ, हिच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही." परत येताना गाडीत त्या सारख्या तेच बोलत होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी खिडकीबाहेर बघून रडले. मी तिला बोलावणार असं म्हणाले होते, आणि खरंच बोलावलं होतं.

तिच्या आईने कोळीवाड्यात पेढे वाटले.

शूटिंगच्या तीन दिवस आधी अंधेरीच्या ऑफिसात क्लायंटबरोबर शेवटची मीटिंग झाली. मोठ्या टीव्हीवर तिची ऑडिशन लावली. मसाला कंपनीचे तिघे जण बघत होते. संपल्यावर त्यातला एक जण फार सभ्य आवाजात म्हणाला, "बाई खरी वाटते. पण जरा जास्तच खरी वाटते."

दुसरा म्हणाला, "प्रॉडक्ट प्रीमियम आहे. घराघरातल्या बाईला वाटलं पाहिजे की आपणही अशा दिसू शकतो."

रंग हा शब्द कोणीही उच्चारला नाही. तिथे तो कधीच उच्चारत नाहीत. मॅडम भांडल्या, हे मला सांगितलंच पाहिजे. दहा-बारा मिनिटं त्या चांगल्याच भांडल्या. मग जाहिरात एजन्सीच्या माणसाने लॅपटॉप उघडून चार मॉडेलचे फोटो दाखवले आणि मॅडमनी तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

मी जिन्यात उभी होते. मॅडम खाली आल्या, सिगरेट पेटवली आणि म्हणाल्या, "तिला आत्ता सांगू नकोस."

"मॅडम, तिने सगळ्यांना सांगितलंय."

"मला कळतंय. पण या नव्या मुलीला मासा धरता येत नसणार. लुगडं नेसवायला, चालायला शिकवायला ती हवी. आणि हातांचे क्लोजअप तिचेच घेऊ, तेवढं मी मिळवलंय. आधी सांगितलंस तर ती येणार नाही. सेटवर सांगू." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे करून दे. पुढच्या फिल्मला तू फर्स्ट एडी."

मी "हो मॅडम" म्हणाले. विचार करायला वेळ मागितला नाही, आणि मान खालीही घातली नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. चोळी हिरवी घालू की लाल, असं विचारत होती. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हिरवी."

शूटिंगच्या दिवशी आम्ही पहाटेच मोऱ्याला पोचलो. धक्क्याच्या बाजूला दोन व्हॅनिटी व्हॅन लावल्या होत्या. मॉडेल उत्तरेकडची होती, बावीस-तेवीसची, गोरी, घाबरलेली. तिला माशाच्या वासाने मळमळत होतं आणि ती ते लपवायचा प्रयत्न करत होती. तिचा काही दोष नव्हता. तिलाही हे काम मोठं वाटत होतं, तिनेही घरी फोन करून सांगितलं असेल.

आठच्या सुमाराला माझी मैत्रीण आली. हिरवी चोळी, जरीचं लुगडं, अंगावर आईचा पोहेहार, हातात पाटल्या. सोबत आई, नवरा, कडेवर मुलगी आणि कोळीवाड्यातल्या सात-आठ बायका. बायकांनी तिला मध्ये घेऊन आणलं होतं, नवरीला आणतात तसं. मॅडमनी लांबून मला नजरेने खुणावलं.

मी तिला व्हॅनच्या मागे नेलं. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं आणि त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "थोडा बदल झालाय." आणि मग एका दमात सगळं सांगितलं. मॉडेल, क्लायंट, हातांचे क्लोजअप. मी प्रमाण मराठीत बोलत होते, हे माझं मलाच ऐकू येत होतं.

तिने व्हॅनच्या उघड्या दारातून आत बघितलं. मॉडेल आरशासमोर बसली होती आणि ड्रेसवाला तिच्या कमरेभोवती लुगडं गुंडाळायचा प्रयत्न करत होता. ते सारखं सुटत होतं.

"हिला कोन नेसवनार?" तिने विचारलं.

ती आत गेली. ड्रेसवाल्याला बाहेर काढलं, मॉडेलला उभं केलं आणि पाच मिनिटांत लुगडं असं नेसवलं की ती पोर एकदम वेगळी दिसायला लागली. मग तिला व्हॅनमधल्या चार पावलांत मागेपुढे चालवलं. "पाय घासू नको. टाच आदी." मॉडेलला मराठी येत नव्हतं, पण कळत होतं. मग कॉस्च्युमवाली म्हणाली की आणलेले दागिने कॅमेऱ्यात खोटे दिसतायत. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्या मैत्रिणीच्या पोहेहारावर थांबली. कोणी मागितलं ते मला आठवत नाही. मी मागितलं असेल तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तिने हार काढला, पाटल्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने त्या मुलीला घातल्या.

मॉडेल व्हॅनमधून उतरली तेव्हा बायकांमधून आनंदाचा आवाज आला. त्यांना वाटलं आधी कोणीतरी दुसरी असेल, आपली मागून येईल. मग माझ्या मैत्रिणीची आई पुढे आली. तिने हार बघितला. मुलीच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, अगदी साधेपणाने, समजून घ्यायचं म्हणून, "माजे पोरीत काय खोट हाय गो? तू सांग. तू तर आमच्यातली."

मी म्हणाले, "मावशी, खोट काही नाही, ते कंपनीवाले…"

ती थांबली नाही. मागे जाऊन बायकांना म्हणाली, "चला. मावरा वाट बगतोय." सगळ्या गेल्या. नवरा मात्र थांबला. मुलीला घेऊन धक्क्याच्या कठड्यावर बसून राहिला. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दुपारी हातांचे क्लोजअप लावले. मेकअपवाला ब्रश घेऊन आला आणि मॅडमना म्हणाला, "स्किन मॅच करावी लागेल." त्याने माझ्या मैत्रिणीच्या बोटांपासून कोपरापर्यंत मॉडेलच्या रंगाचा लेप लावला. तो वाळेपर्यंत तिला हात पुढे धरून बसायला सांगितलं. ती बसली. मग पापलेट कापलं. एका टेकमध्ये. सेटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम खुर्चीतून उठून "ब्यूटिफुल!" म्हणाल्या आणि एजन्सीच्या माणसाने मोबाइलवर तिच्या हातांचा फोटो काढला. फक्त हातांचा.

पॅकअपच्या वेळी ती नळावर हात धूत होती. मेकअप निघत नव्हता, ती वाळू घेऊन घासत होती. मी साबण घेऊन गेले. तिने तो घेतला नाही.

मी म्हणाले, "मला आधी सांगता आलं नाही. मॅडम म्हणाल्या तू येणार नाहीस."

"आले असते," ती म्हणाली. "सांगलं असतंस तरी आले असते. तुज्यासाठी. तुजं काम हाय मंग मी नाय कशी म्हनेन?" तिने हात झटकले. "पन आयला आनलं नसतं."

जाहिरात दिवाळीच्या तोंडावर सगळ्या चॅनलवर लागली. चांगली झाली होती. आजही कोणी विचारलं तर मी सांगेन की चांगली झाली होती. मी पुढच्या फिल्मला फर्स्ट एडी, म्हणजे सगळ्या एडींची प्रमुख, झाले. आणि कारणं? ती माझ्याकडे पुष्कळ होती. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं. मी एकटी पोर, गावाकडची, मला अंधेरीत कोण विचारत होतं? तिला निदान हातांचं तरी काम मिळालं. क्लायंटला मी थोडीच निवडलं होतं? एकेक कारण घेतलं तर खरं होतं. पण सगळी मिळून पुरत नव्हती, म्हणून मी मोऱ्याला जाणंच सोडलं. तिच्या घराबद्दल दुसऱ्यांकडून कळायचं. टीव्हीवर ते हात आले की सासरचे हसून म्हणायचे, बघ, तुझी गोरी जुळी आली. मग ती जाहिरात लागली की ती चॅनल बदलायला लागली, असं कोणीतरी सांगितलं.

मी मॅडमकडे अजून सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत माझ्यानंतर आलेली दोन मुलं दिग्दर्शक झाली. मी फर्स्ट एडीच राहिले. रायगडात कुठेही शूटिंग असलं, तळोज्याच्या कारखान्यात, उरणच्या किनाऱ्यावर, की मला पुढे पाठवायचे. सरपंचाशी बोलायला, गर्दी जमवायला, चिडलेल्या गावकऱ्यांना शांत करायला. 'लोकल' हा शब्द मीटिंगमध्ये माझ्या नावासारखा वापरला जायचा. एकदा मी पन्नास पानांचं प्रेझेंटेशन करून नेलं. एका साबणाची फिल्म होती, गोष्ट पनवेलच्या बाजारातली, मला तोंडपाठ असलेली. एजन्सीला ती आवडली. दिग्दर्शनाला त्यांनी मॅडमच्याच ऑफिसातल्या एका मुलाला घेतलं आणि मला लोकेशन सांभाळायला सांगितलं.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दहा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "एडी म्हणून तू सोनं आहेस. सोनं सोडून कोणी जोखीम का घेईल? आणि खरं सांगू का, क्लायंटसमोर तू अजून जरा बिचकतेस. ते दिसतं."

"तुम्ही म्हणायचात बायकांनी बायकांना धरून राहायचं."

"मी धरूनच ठेवलंय तुला," त्या म्हणाल्या. "नाहीतर इतकी वर्षं कोणी ठेवलं असतं?"

मी त्याच आठवड्यात काम सोडलं. नंतर कळलं की मॅडमनाही कामं येईनाशी झाली. पन्नाशी उलटलेल्या बाईला जाहिराती कोण देतो? मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

खांदा कॉलनीत परत आले तेव्हा सीडी संपल्या होत्या. गाणी मोबाइलवर आली होती आणि आमच्या भागातला प्रत्येक दुसरा पोरगा स्वतःचं गाणं काढत होता. त्यात एक नाव सारखं दिसायला लागलं. नृत्य आणि दिग्दर्शन, दोन्हींपुढे एकच नाव, बाईचं. तिचं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने उरणमध्ये एका हॉलमध्ये डान्सचा क्लास काढला होता. पुढे कोळीवाड्यातल्याच बायका घेऊन गाणी करायला लागली. काळ्या, जाड, पन्नाशीच्या, गरोदरसुद्धा. तिच्या गाण्यात कोणालाही मागच्या ओळीत ठेवलेलं नसायचं, ती ओळ सारखी फिरवत राहायची. लाखो लोक बघत होते.

मी एका शूटिंगला गेले, न कळवता. उरणजवळ पीरवाडीच्या किनाऱ्यावर तिचं काम चालू होतं. जाड झाली होती, केस पिकायला लागले होते. छोट्या मॉनिटरसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ती ओरडत होती आणि दोन कॅमेरावाले पळत होते. तिने मला बघितलं, हातानेच थांबायला सांगितलं, शॉट पूर्ण केला आणि उठून आली.

"बोला," ती म्हणाली. "तुमी कशा हाव?"

आमच्याकडे बरोबरीच्या बाईला तुमी म्हणत नाहीत. सासूला म्हणतात, शाळेच्या बाईंना म्हणतात, सरकारी ऑफिसात म्हणतात. मी उगाच तिच्या मुलीची चौकशी केली, आईची केली. आई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिने सांगितलं. मला कोणीच कळवलं नव्हतं, आणि का कळवावं? मग मी म्हणाले की काम सोडलंय, तुझं एडिटिंग करायला आवडेल, पैसे नकोत.

माझ्याबद्दल तिला राग असता तर बरं झालं असतं, कारण रागाशी बोलता येतं. ती म्हणाली, "एडिटर हाय माज्याकडं. तलोज्याची पोरगी हाय, आताच शिकतेय. तिला काडून तुमाला कशी घेऊ?"

"मी तिला शिकवीन."

"नको," ती म्हणाली. "ती शिकंल तिच्या तिच्यानं." मग तिने कोणालातरी हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला आणि परत खुर्चीत जाऊन बसली. चहा येईपर्यंत मी थांबले. प्यायलेही. तिच्या बायका पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या, गाणं लागलं, आणि मी तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आता मी घरीच लग्नाच्या, हळदीच्या फिल्म एडिट करते. काम भरपूर आहे. तिचं नवं गाणं आलं की त्याच दिवशी बघते, तीन-चारदा बघते. नाच कमाल असतो. ती तळोज्याची मुलगी मात्र अजून कच्ची आहे, ठेका पडतो आणि कट दोन फ्रेम उशिरा येतो. साध्या माणसाला कळणार नाही. मला प्रत्येक वेळी कळतं. ते तिला कळवायचा विचार माझ्या मनात कधी येत नाही, उलट तो उशीर दिसला की मला बरं वाटतं.